चोळी : बेतणी व माप

स्त्रियांच्या शरीराच्या वरच्या भागास घट्ट बसणारे व छातीखाली गाठ मारून वापरावयाचे आखूड, शिवीव वस्त्र. महाराष्ट्रात वस्त्र व आधार ही दोन्ही कामे चोळीने दीर्घकाळ केली. विसाव्या शतकात ती ब्लाउज व ब्रा यांत विभागली गेली आणि अंगावर बेतलेल्या वस्त्राची जागा क्रमांकाने विकल्या जाणाऱ्या वस्त्राने घेतली. या बदलाचा इतिहास मुख्यतः मापाचा इतिहास आहे.

प्राचीन काळ : ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव नाणेघाटाच्या पायथ्याशी आहे. कल्याण व सोपारा या बंदरांना जुन्नरशी जोडणारा हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग असून घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा कोरीव लेख आहे (इ. स. पू. पहिले शतक). या काळातील कार्ले येथील युगुलशिल्पांत स्त्रियांचा ऊर्ध्वभाग बहुधा अनावृत व अलंकृत दाखविला आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात मात्र बाह्या असलेले शिवीव वस्त्र घातलेली नर्तकी दिसते. अमरकोशात चोल व कूर्पासक हे शब्द समानार्थी दिले आहेत. मराठीतील ‘चोळी’ हा शब्द ‘चोल’ याच्याशी संबंधित आहे.

महाराष्ट्रीय चोळी : चोळीसाठी लागणाऱ्या कापडाच्या तुकड्यास खण म्हणतात. कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथील काठाचे खण महाराष्ट्रात विशेष प्रसिद्ध आहेत. ओटी भरताना खण न शिवताच दिला जातो. त्यामुळे देणारीस घेणारीचे माप माहीत असण्याचे कारण उरत नाही. पुढे तो त्याच स्त्रीच्या अंगावर बेतला जातो. पाठ, बाही, मुंढा व पुढचे दोन भाग जोडून चोळी तयार होते. पुढच्या गाठीमुळे घेर थोडा सैल वा घट्ट करता येतो, हा तिचा मोठा गुण होय. मुरबाड व शहापूर भागांतील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी इ. जमातींच्या स्त्रियांत आखूड लुगडे व चोळी हा वेश रूढ होता. भाताच्या आवणीसारख्या वाकून करावयाच्या कामात अशी चोळी सोयीची ठरे. सहावारी साडीच्या प्रसाराबरोबर गाठीच्या चोळीऐवजी पोलके आणि पुढे हुकांचा ब्लाउज रूढ झाला.

ऊर्ध्ववस्त्राला सामाजिक प्रतिष्ठेचाही संदर्भ होता. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी दीर्घ संघर्ष करावा लागला. १८५९ च्या राजघोषणेने तो हक्क मिळाला. मात्र उच्चवर्णीय स्त्रियांच्या पद्धतीने वस्त्र घेण्यास मनाई कायम राहिली.

ब्राचा उदय : प्राचीन रोममध्ये स्त्रिया छातीभोवती पट्टी बांधीत. ऑस्ट्रियातील लेंगबर्ग किल्ल्यात २००८ मध्ये सापडलेल्या पंधराव्या शतकातील लिननच्या वस्त्रांत कटोऱ्या असलेली अंतर्वस्त्रे आहेत. पुढे यूरोपात ताठ कॉर्सेटचे प्राबल्य राहिले. पॅरिसमध्ये एर्मिनी कादोल यांनी १८८९ च्या सुमारास कॉर्सेटचे दोन भाग केले. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब यांना १९१४ मध्ये पाठ उघडी ठेवणाऱ्या ब्राचे एकस्व मिळाले. एस. एच. कँप अँड कंपनीने १९३२ च्या सुमारास आकारासाठी ए ते डी ही अक्षरे वापरली व वॉर्नर या संस्थेने १९३७ मध्ये कटोरीची मापे बाजारात आणली. घेरासाठी आकडा व कटोरीसाठी अक्षर ही पद्धत यातून रूढ झाली.

घरच्या घरी माप : ग्रामीण भागातील स्त्रीला अनेकदा पुरुष दुकानदारासमोर दबक्या आवाजात आकडा सांगावा लागतो व ब्रा घालून पाहण्याची सोय नसते. संकोचापोटी विवाहापूर्वीचाच आकडा वर्षानुवर्षे चालू राहतो. यासाठी घरी माप घेणे हिताचे असून त्याला शिंप्याच्या टेपखेरीज काही लागत नाही. प्रथम स्तनांच्या लगत खाली, श्वास सोडून, टेप सर्व बाजूंनी समपातळीत ठेवून घेर मोजावा व जवळची सम संख्या घ्यावी. नंतर स्तनांच्या सर्वांत उंच भागावरून टेप न आवळता दुसरा घेर मोजावा. दोहोंतील फरक १ इंच असल्यास ए, २ असल्यास बी, ३ असल्यास सी व ४ असल्यास डी कटोरी समजतात. उदा., ३४ व ३७ इंच या मापांसाठी ३४ सी. खालच्या घेरात ४ वा ५ इंच मिळविण्याची जुनी रीत लवचिक पट्ट्यास लागू पडत नाही. तिच्यामुळे पट्टा सैल होतो.

उत्पादकांची मापे एकसारखी नसल्यामुळे हा क्रमांक केवळ प्रारंभबिंदू होय. अंतिम पारख अंगावरच करावी. वजनाचा मुख्य भार खांद्यांवरील बंदांनी नव्हे, तर घेराच्या पट्ट्याने पेलावयाचा असतो. पट्टा पाठीवर वर सरकत असेल तर तो सैल आहे. त्याखाली दोन बोटे जाण्याइतपत जागा पुरेशी असते. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर बसावी, म्हणजे पुढे कापड ताणल्यावर आतले हुक वापरता येतात. कडेने स्तन बाहेर येत असल्यास कटोरी लहान आणि कापडास सुरकुत्या पडत असल्यास मोठी समजावी. घेर एक क्रमांकाने कमी केल्यास कटोरी एका अक्षराने वाढवावी. म्हणजे ३४ बी व ३२ सी यांच्या कटोऱ्यांचे आकारमान जवळजवळ सारखे असते.

गर्भारपण, स्तनपान, वय व वजन यांनुसार माप बदलते. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने घट्ट वस्त्र टाळावे. दाबामुळे दूध साकळण्याचा संभव असतो. कोकणच्या दमट हवेत सुती व रोज धुतलेले वस्त्र त्वचेला हितकर ठरते. ब्राच्या वापराने स्तनाचा कर्करोग होतो, या समजास आधार नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. वस्त्र शरीरावर बेतावे, शरीर वस्त्रात कोंबू नये, हे चोळीच्या बेतणीतील तत्त्व ब्रालाही तितकेच लागू पडते.