खवड्यांचें निदान : एका शोधाचा इतिहास

डोक्यांतील खवडे म्हटले, कीं आपल्या डोळ्यांपुढें शाळकरी मूल उभें राहतें. प्रौढ माणसाच्या टाळूवर पापुद्रे सुटूं लागले, केस तुटूं लागले, तर आपण त्याला कोंडा म्हणून मोकळे होतों. डॉक्टरहि कधीं कधीं तसेंच समजतात. येथें केवळ नजरेवर विसंबणें किती धोक्याचें आहे, हें या रोगाचा इतिहासच सांगतो.

बर्लिनमध्यें रॉबर्ट रेमाक यांनीं खवड्यांच्या ‘फेव्हस’ नांवाच्या प्रकारांतील पिवळी खपली सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवली. तींत त्यांना तंतूंसारखी रचना दिसली. १८३९ सालीं योहान शोनलाइन यांनीं ती बुरशी असल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें रेमाक यांनीं तशी खपली स्वतःच्या हातावर लावून रोग ओढवून घेतला आणि तो सांसर्गिक असल्याची खात्री पटविली. पॅरिसमध्यें डेव्हिड ग्रुबी यांनीं १८४१ ते १८४४ या काळांत आणखी एक मर्म उकललें : कांहीं बुरशा केसाला बाहेरून वेढतात, तर कांहीं त्याच्या गाभ्यांत शिरतात. पण हें संशोधन जवळजवळ पन्नास वर्षें विस्मृतींत पडलें. १८९२ पासून रेमों साबुरो यांनीं तें पुन्हा पारखून उजेडांत आणलें.

१९२५ सालीं निदानाला वुडच्या दिव्याची जोड मिळाली. त्याच्या अतिनील किरणांत कांहीं रोगट केस हिरवे चमकतात. परंतु गाभ्यांत शिरणाऱ्या बुरशा बहुधा चमकत नाहींत. आणि भारतांत नेहमीं आढळणारी ‘ट्रायकोफायटन व्हायोलेशियम’ त्यांपैकींच. तेव्हां दिव्याखालीं कांहीं चमकलें नाहीं, म्हणून रोग नाहीं असें ठरत नाहीं.

वयांत आल्यावर टाळूच्या तेलांतील स्निग्धाम्लें बुरशीला आवर घालतात, असें मानतात. म्हणून प्रौढांत हा रोग विरळा. तरी ऋतुनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ति क्षीण झालेल्यांना तो गांठतो. त्वचेलगत तुटलेल्या केसांचे काळे ठिपके, केस विरळ झालेले चट्टे किंवा मानेच्या सुजलेल्या गांठी दिसल्या, तर कांहीं केस व पापुद्रे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावांत भिजवून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावे लागतात, आणि प्रयोगशाळेंत त्यांवरील बुरशी वाढवून तिची जात ओळखावी लागते.

स्टेरॉइडच्या मलमानें खाज तात्पुरती निवते, पण बुरशी फोफावते. साधें बुरशीनाशक मलमहि केसाच्या मुळाशीं पुरतें पोंचत नाहीं. पोटांत घेण्याचें गुणकारी औषध १९५८ सालीं ग्रिसिओफल्व्हिनच्या रूपानें हातीं आलें. उपचारांस फार विलंब झाला, तर व्रण पडून त्या जागचे केस कायमचे जाऊं शकतात, आणि घरांतील मुलांनाहि लागण होते. म्हणून महिनोन्‌महिने न हटणाऱ्या कोंड्याचे चार केस तपासून घेण्याचा आग्रह धरण्यास कोणीं संकोच करूं नये.