परिचारिकांचे व्यक्तिमत्त्व आणि कार्यसमरसता
परिचारिकेचे स्वभावगुण आणि कामात जीव ओतण्याची तिची वृत्ती यांतील संबंध. कामाशी समरस होण्याची कल्पना अमेरिकन अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मध्ये मांडली. पुढे विल्मार शाउफेली व आर्नल्ड बाकर यांच्या उट्रेख्त मापनश्रेणीने जोम, आस्था व तल्लीनता हे समरसतेचे घटक मानले. व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख गुणांपैकी कर्तव्यदक्षता व बहिर्मुखता समरसतेला पोषक, तर भावनिक अस्थिरता मारक आढळते.

माढा तालुक्यासारख्या सपाट ग्रामीण भागात ५,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असा निकष आहे. तिथल्या आरोग्यसेविकेच्या कामात स्वभाव उघड दिसतो. कर्तव्यदक्ष सेविका लसीकरणाचे सत्र आटोपताच नोंदवही पुरी करते, न आलेल्या बाळाच्या घरी निरोप धाडते. बोलकी असेल तर सासूची समजूत काढून गरोदर सुनेला तपासणीला आणते. मात्र स्वभावावर सारा भार टाकणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. अपुरे मनुष्यबळ, सलग रात्रपाळ्या आणि न संपणारे अहवाल उत्साही परिचारिकेलाही थकवतात. समरसता वाढवायची, तर स्वभावचाचण्यांआधी रिक्त पदे भरणे आवश्यक ठरते.