‘पद्मिनी’चे हेड : बदलावे की दुरुस्त करावे?

मुंबईतील शेवटची ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांनी जपलेल्या खासगी ‘पद्मिनी’ मात्र अद्याप धावत आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातील निर्मिती थांबून दोन दशके उलटली असल्याने नवे सिलिंडर हेड मिळेलच, याची शाश्वती नाही. त्यामुळे आहे ते हेड दुरुस्त होते की नाही, यावर अनेकदा गाडीचेच भवितव्य ठरते.

या मोटारीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे आहे. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. रेडिएटर चोंदला किंवा वॉटर पंप गळू लागला की इंजिन तापते आणि बोल्टांनी जखडलेले हेड वाकते. गॅस्केट जळते. पाणी सिलिंडरमध्ये उतरल्यास सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. ऑइलमध्ये मिसळल्यास ऑइल दुधाळ होते. अशा वेळी केवळ गॅस्केट बदलून गाडी परत देण्याची गॅरेजमधील प्रथा महागात पडते, कारण वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केटही फार काळ टिकत नाही.

हेड इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावे. सरळपट्टी उभी, आडवी व तिरपी ठेवून फीलर गेजने फट मोजतात. किरकोळ बाक ‘फेसिंग’ करून निघतो. पण त्याआधी प्रेशर टेस्ट आवश्यक आहे. दोन व्हॉल्व्ह सीटमधील बारीक तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि तो राहिल्यास फेसिंगचा खर्च वाया जातो. तडा आर्गन वेल्डिंगने भरता येतो. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने हेड पुन्हा वाकत असल्याने फेसिंग त्यानंतरच करावे. प्रत्येक फेसिंगमध्ये जाडी घटते व कॉम्प्रेशन वाढते. भंगार बाजारातील हेड घेतानाही म्हणूनच आधी जाडी मोजावी.

शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० मध्ये बंद झाले. त्यातील शिसे व्हॉल्व्ह सीटची झीज रोखत असे. हेड उघडलेच आहे, तर कठीण धातूच्या सीट बसवून घेणे श्रेयस्कर, गाईडही तपासावेत.

जोडणीपूर्वी रेडिएटर साफ करावा. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळावेत आणि शेवटी टॅपेट लावून घ्यावेत.