चिप काय सांगते?

देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर माझं बालपण गेलं. एकदा ऐन हंगामात होडीच्या पंख्याचा शाफ्ट करून घ्यायला काकांबरोबर मालवणला लेथवर गेलो. काकांना घाई, पण मिस्त्रींनी यंत्र थांबवलं. ‘‘झिला, चिप बघ. तीच काय ता सांगतली.’’ चिप निळी, जाड, आखूड होती. हत्याराला धार लावून तेलपाणी सोडलं, तेव्हा ती पातळ निघू लागली. काप मात्र तेवढाच!

कुऱ्हाडीने लाकूड फाटतं तसं लोखंड फाटतं, असा अनेकांचा समज होता. रशियातील इव्हान टिमे यांनी 1870 मध्ये दाखवलं, की हत्यारापुढचा धातू दाबला जाऊन तिरका सरकतो. म्हणून 0.2 मिलिमीटर थर काढला, तरी चिप 0.5 मिलिमीटर भरू शकते. जाडी वाढते तशी लांबी घटते. 1945 मध्ये अमेरिकेतील यूजीन मर्चंट यांनी या दोन जाड्यांच्या गुणोत्तरावरून सरकण्याचा कोन आणि लागणारा जोर यांचं गणित मांडलं.

तेवढ्याच कापाला चिप जाड, म्हणजे जोर जादा, उष्णता जादा आणि लांब शाफ्ट वाकण्याची भीती. समुद्रात त्याची किंमत मोठी. काकांची त्या दिवशीची भरती चुकली. शाफ्ट मात्र कित्येक हंगाम चालला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)