पहिली ओळ कोणी द्यायची?

मराठी बायबलातल्या स्तोत्रसंहितेत काही स्तोत्रांच्या माथ्यावर एक छोटी सूचना असते, की हे स्तोत्र मुख्य गवयासाठी आहे. १५० पैकी ५५ स्तोत्रांवर ती आहे. वाचताना आपण ती सर्रास गाळतो. पण तिचा अर्थ असा की यरुशलेमच्या मंदिरात गाणं सुरू करून देणारा, ते सांभाळणारा एक जाणता माणूस नेमलेला होता. इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात तर त्या खात्याची सगळी मांडणीच सापडते. कनन्या नावाच्या लेव्याकडे गायनाचं काम होतं, कारण तो त्यात तरबेज होता. आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांतले शिकून तयार झालेले गवई होते २८८, बारा-बारांच्या चोवीस तुकड्यांत. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरत आणि त्यात गुरू कोण, शिष्य कोण, हे पाहिलं जात नसे. हल्ली चर्चमध्ये कोणी तालमीला दांडी मारून वर ‘देव मन पाहतो’ असं ऐकवू लागलं, तर त्याच्यासमोर हे अध्याय ठेवावेत.

मंदिर इ. स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं. ख्रिस्ती मंडळी तोवर घरांतून जमू लागली होती. इ. स. ११२ च्या सुमारास रोमन सुभेदार धाकट्या प्लिनीने सम्राट ट्रेजनला कळवलं की हे लोक ठरावीक दिवशी पहाटेच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गातात. म्हणजे गाणं सगळ्यांचं होतं. ते फार काळ तसं राहिलं नाही. चौथ्या शतकात आशिया मायनरमधल्या लाओदिकीयाच्या धर्मसभेने नियम केला, की व्यासपीठावर चढून पुस्तकातून गाणाऱ्या नेमलेल्या गवयांखेरीज कोणी चर्चमध्ये गाऊ नये. बेशिस्त आवरायची होती, हे उघड आहे. पण आवरता आवरता मंडळीचं तोंडच बंद झालं.

त्याच शतकात मिलानला उलट घडलं. ३८६ साली राजमाता जस्टिनाच्या सैनिकांनी बिशप अँब्रोजच्या चर्चला वेढा घातला. आत अडकलेल्या लोकांचा धीर सुटू नये म्हणून अँब्रोजने त्यांना पूर्वेकडच्या रीतीने गायला लावलं. ही हकीकत ऑगस्टीनने लिहून ठेवली आहे. याच ऑगस्टीनने पुढे आपली एक अडचणही मोकळेपणाने मांडली: गायल्या जाणाऱ्या वचनापेक्षा गाण्यानेच मी जास्त हेलावलो, तर ते मला पाप वाटतं, मग गाणं ऐकलंच नसतं तर बरं होतं असं वाटतं. सोळाशे वर्षांत या अडचणीवर कोणाला पुरता उतारा सापडलेला नाही, आणि ज्याला ती कधी जाणवलीच नाही त्याच्या हाती मी तरी उपासना देणार नाही.

मधली हजार वर्षं थोडक्यात आटोपतो. पश्चिम युरोपात उपासनेचं गाणं लॅटिनमध्ये गेलं, पाद्री आणि गायकवर्गाच्या ताब्यात गेलं, कमालीचं सुंदर झालं आणि लोक ऐकत उभे राहिले. १५२४ मध्ये मार्टिन लूथरच्या गोटातून अवघ्या आठ गीतांचं जर्मन पुस्तक निघालं आणि गाणं पुन्हा बाकांवर आलं. पण लोकांना गाता येतंय कुठे? जिनिव्हात १५३७ साली कॅल्व्हिन आणि त्याच्या सोबत्यांनी नगरसभेपुढे एक साधी युक्ती ठेवली. आधी काही मुलांना गीत नीट शिकवावं, त्यांनी ते उपासनेत मोठ्याने, स्पष्ट गावं, मोठ्यांनी लक्ष देऊन ऐकावं आणि हळूहळू त्यांच्यात आवाज मिसळावा. चर्चच्या गायनाचे पुढारी म्हणजे शाळकरी पोरं! नवीन गीत बसवायला याहून चांगला उपाय आजही मला माहीत नाही.

इंग्लंड-स्कॉटलंडात प्रश्न वाचता येण्याचा होता. १६४५ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने मंजूर केलेल्या उपासनापद्धतीत सांगितलं होतं, की ज्या मंडळीत बरेच निरक्षर असतील तिथे पाळकाने किंवा त्याने नेमलेल्या लायक माणसाने स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचावी आणि मग लोकांनी ती गावी. ही सोय फक्त तूर्तास, असंही त्यात होतं. ते ‘तूर्तास’ शे-दीडशे वर्षं टिकलं. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर तर गेलिक स्तोत्रं अजून अशीच गातात: एक जण ओळ देतो आणि मंडळी आपापल्या हरकती घेत ती लाटेसारखी उचलते.

अटलांटिकपलीकडे बॉस्टनमध्ये सूर लावून देण्याचं हे काम न्यायाधीश सॅम्युएल सेवॉल याच्याकडे होतं. सेलमच्या चेटूक खटल्यांत निवाडा करणाऱ्यांपैकी हा एक, आणि १६९७ मध्ये भर चर्चमध्ये उभं राहून त्याबद्दल अपराध कबूल करणाराही हाच. त्याची रोजनिशी प्रसिद्ध आहे. २८ डिसेंबर १७०५ ची नोंद पाहा. पाळकाने त्याला सूर लावायला सांगितलं. लावायची होती ‘विंडसर’ नावाची चाल, घसरला भलत्याच चालीत. सावरायला दुसरी धरली, ती इतक्या चढ्या पट्टीत की लोकांना गाताच येईना. वाद्य नाही, सुराला आधार नाही. शेवटी त्याने दुसऱ्या एका गृहस्थांना विनवलं आणि त्यांनी ती नीट लावली. घरी येऊन सेवॉलने लिहिलं, की देवाच्या उपासनेत माझ्यामुळे खंड पडला, देवा मला नम्र कर आणि शिकव. १७१८ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच. त्याने ‘यॉर्क’ लावली आणि मंडळी दुसऱ्याच फेरीत ‘सेंट डेव्हिड’वर निघून गेली. तीन आठवड्यांपूर्वीही असंच झालं होतं. चोवीस वर्षं काम केल्यावर सेवॉलने खूण ओळखली: आता जागा चांगल्या आवाजाला द्यावी. मंडळीला दोष दिला नाही, माइकला तर देणं शक्यच नव्हतं.

एव्हाना ओळ देण्याच्या पद्धतीने चालींची पार रया गेली होती. तीच चाल दोन गावांत ओळखू येऊ नये इतकी वेगळी झाली. तेव्हा १७२० च्या आसपास न्यू इंग्लंडच्या तरुण पाळकांनी स्वरलिपी वाचायला शिकवणाऱ्या गायनशाळा काढल्या आणि गावोगावी भांडणं पेटली. वुस्टर गावात ५ ऑगस्ट १७७९ रोजी ठराव झाला, की यापुढे ओळ दिली जाणार नाही. पुढच्या रविवारी वृद्ध डीकन चेंबरलेन सवयीने उभा राहिला आणि पहिली ओळ वाचली. गायकवृंद न थांबता पुढे गात गेला. त्याने आवाज चढवला, त्यांनीही चढवला. अखेर तो टोपी उचलून रडत चर्चबाहेर पडला. सुधारणा योग्यच होती. पण ज्याने इतकी वर्षं गाणं जिवंत ठेवलं त्याला घालवण्याची ही रीत नव्हती. आपल्याकडे जुने पेटीवाले काका कीबोर्ड आल्यावर मागच्या बाकावर जातात, तेव्हा हा डीकन आठवतो.

याच सुमाराला इंग्लंडात जॉन वेस्लीने बाकांवरच्या लोकांसाठीच नियम लिहिले. १७६१ च्या गीतसंग्रहातले ते सात नियम थोडक्यात असे: याच चाली आधी शिका, छापल्यात तशाच गा, सगळ्यांनी गा, झोपेत असल्यासारखं नव्हे तर दमदार गा, पण इतरांचा आवाज बुडेल असं ओरडू नका, लय सोडून पुढे पळू नका की मागे रेंगाळू नका, आणि सर्वांत वरचा नियम म्हणजे प्रत्येक शब्द गाताना देवाकडे लक्ष ठेवा. दम देता देता वेस्लीने टोमणाही मारला आहे, की सैतानाची गाणी गाताना तुम्हाला आवाजाची लाज वाटत नव्हती, मग आताच का वाटावी?

न्यू इंग्लंडच्या याच परंपरेतल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला उतरले. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं झालं. तिथे हेन्री बॅलंटाइन यांनी मराठी गीतांचं मोठं काम केलं. ती गीतं बहुतांशी विलायती चालींवर होती आणि तिथेच घोटाळा होता. इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर. चालीने जिथे ताण द्यायचा तिथे मराठीत एखादा बिचारा ऱ्हस्व प्रत्यय येतो आणि ओढून ओढून त्याची दैना होते. शिवाय नगर जिल्ह्यातला नवख्रिस्ती शेतकरी हा भजन ऐकत वाढलेला. त्याला त्या चालीत रडता येत नव्हतं.

तोड निघाली कीर्तनातून. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे हे आद्य ख्रिस्ती कीर्तनकार मानले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी येशूचं चरित्र कीर्तनाच्या साच्यात आणलं. कीर्तनात पहिली ओळ देण्याचा प्रश्न आपल्या लोकांनी कधीच सोडवून ठेवला आहे. कीर्तनकार ओळ देतो, मागचे टाळकरी धृपद उचलतात, समोरचे टाळ्या धरतात. ज्याला वाचता येत नाही तोही तिसऱ्या फेरीला गात असतो. बुवा मध्ये थांबून निरूपण करतात आणि मागची साथ गाणं खाली पडू देत नाही. वुस्टरला ज्यावरून माणूस रडत बाहेर गेला, ती ओळ देण्याची रीत नगरला मृदंगाच्या साथीने मजेत चालली होती.

मग नारायण वामन टिळक आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढच्या चोवीस वर्षांत, ९ मे १९१९ ला मृत्यू येईपर्यंत, त्यांनी मराठी मंडळीला तिची स्वतःची गाणी दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत, आणि त्यांचे अभंग वाचताना ते पटतं. आज ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हाती घेतलं की टिळकांचं नाव पानोपानी भेटतं. टिळकांचं भजन पेटी, तबला आणि झांजांवर सुरू झालं की पुढे कोण उभा आहे याला महत्त्व राहत नाही, हा त्याचा खरा गुण. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

गोव्याची वाट वेगळी. तिथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं आणि ते लोकांच्या तोंडी बसलं. पण चर्चचं रोजचं गाणं मेस्त्रीकडे, म्हणजे चर्चच्या गायनमास्तरकडे. चर्चला जोडलेल्या शाळेत तो मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवी. या शिस्तीतून आलेल्या गोवेकर वादकांनी पुढे मुंबईचे सिनेसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याच्या अशाच एका मेस्त्रीचे चिरंजीव.

उरलं ते आजचं ‘वर्शिप लीडर’ नावाचं पद. त्याचं कूळ बहुतेक जण कॅलिफोर्नियात शोधतात, आणि ते चूक नाही. कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये हिप्पी पोरं गिटार घेऊन आली आणि १९७१ मध्ये त्यांची गीतं काढणारी ‘मारानाथा! म्युझिक’ ही संस्था निघाली. पण त्यामागे पेंटेकॉस्टल चळवळ आहे आणि तिच्या आरंभीच्या ठिकाणांत पुणे जिल्ह्यातलं केडगाव येतं. जून १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. तिथल्या मिनी एब्रम्स यांची पुस्तिका चिलीतल्या वाल्पराइसोला पोचली आणि १९०९ मध्ये तिथेही तसंच घडलं. लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटची प्रसिद्ध जागृती १९०६ ची, मुक्तीनंतरची. तेव्हा हात उंचावून गाणं ही काही काल अमेरिकेतून आलेली फॅशन नव्हे, असं एखाद्या ज्येष्ठांना सांगायला हरकत नाही.

पुढे अॅम्प्लिफायर वाढले, दिवे आले, पडद्यावर शब्द आले आणि मंडळी पुन्हा ऐकत उभी राहू लागली. लाओदिकीयाला जे नियमाने झालं ते इथे आवाजाच्या जोरावर झालं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या ‘सोल सर्व्हायवर’ मंडळीने काही काळ बँड आणि ध्वनियंत्रणा काढूनच टाकली. सुरुवातीला अवघडलेली शांतता, मग नुसते माणसांचे आवाज. त्या अनुभवातून तिथल्या मॅट रेडमनने लिहिलेलं गीत जगभर गेलं, अर्थात मोठमोठ्या बँडच्या साथीने!

या साऱ्या खटाटोपात मला सेवॉल सगळ्यांत मोठा वाटतो, कारण मंडळी आपल्या मागे येत नाही हे त्याने ऐकलं. आज पुढे उभ्या असलेल्याच्या कानात मॉनिटर असतो, त्याला मंडळी ऐकूच येत नाही. म्हणून रविवारी गाणं चालवणाऱ्या भावाबहिणींना तीनच गोष्टी सांगतो. रेकॉर्डवरची गीतं गायकाच्या कमावलेल्या गळ्यासाठी असतात, ती दीड-दोन सुरांनी उतरवा. समोरच्या आजींना आणि आवाज फुटलेल्या पोराला एकत्र गाता आलं पाहिजे. नवीन गीत रविवारच्या शाळेतल्या मुलांना आधी शिकवा. आणि प्रत्येक उपासनेत एक कडवं माइक बंद करून, वाद्यं थांबवून मंडळीला गाऊ द्या. कोणीच गायलं नाही, तर पुढच्या रविवारी त्याहून सोपं गीत घ्या.