नळजोडणीविना एस्प्रेसो यंत्राला पाणी : जार, पंप आणि दाबाची व्यवस्था

एस्प्रेसो कॉफीचे व्यावसायिक यंत्र सहसा थेट नळाला जोडण्यासाठीच बांधलेले असते. इटलीतील फाएमा कंपनीने १९६१ साली 'ई ६१' हे यंत्र बाजारात आणले आणि नळाचे पाणी विजेच्या पंपाने कॉफीवर दाबाने सोडण्याची पद्धत रूढ झाली. हा दाब सुमारे ९ बार असतो. परंतु किनाऱ्यावरील हंगामी शॅक, जत्रेतील वा प्रदर्शनातील स्टॉल, फिरती गाडी अशा ठिकाणी नळजोडणी नसते. तेथे २० लिटरच्या जारवर यंत्र उत्तम चालू शकते. मात्र जोडणीत घाई केल्यास महागडा पंप वा बॉयलर निकामी होतो.

नुसती नळी का पुरत नाही?

घरगुती लहान यंत्रांत पाण्याची टाकी आतच असते आणि त्यांचा कंपनावर चालणारा लहान पंप त्या टाकीतून पाणी स्वतः ओढतो. व्यावसायिक यंत्रांत बहुधा फिरत्या पात्यांचा रोटरी पंप असतो. त्याला पाणी दाबाने येऊन मिळावे, अशी अपेक्षा असते. बऱ्याच यंत्रांसाठी हा दाब २ ते ४ बार असतो. पात्यांना वंगण आणि थंडावा पाण्यानेच मिळत असल्याने पंप कोरडा फिरला, तर अल्पावधीतच झिजतो. नळीत हवा शिरली, तरी पंप कर्कश आवाज करू लागतो आणि दाब डळमळतो.

जार उंचावर ठेवण्याची युक्तीही अपुरी पडते. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जेमतेम १ बार भरतो. म्हणजे दोन मीटरवरच्या फळीवर ठेवलेला जार ०.२ बार एवढाच दाब देतो.

योग्य जोडणी

जार आणि यंत्र यांच्यामध्ये दाबावर आपोआप चालू-बंद होणारा लहान डायफ्रॅम पंप बसवतात. यंत्राने पाणी घेतले की नळीतला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो. दाब पूर्ववत झाला की थांबतो. त्यापुढे हवेचा दाब भरलेली लहान टाकी जोडतात. ती थोडे पाणी दाबाखाली राखून ठेवते. त्यामुळे पंप क्षणोक्षणी चालू-बंद होत नाही आणि कॉफी उतरताना दाबाला झटके बसत नाहीत. पाणी उलट फिरू नये, म्हणून एकदिशा झडप बसवतात. जारमधील पाणी तळाला पोहोचताच वीजपुरवठा तोडणारा तरंगता स्विच वगळू नये, कारण पंप कोरडा फिरण्यापासून तोच वाचवतो. सर्व नळ्या खाद्यपदार्थांसाठी योग्य प्रतीच्या असाव्यात.

नळावर चालणारे यंत्र जारवर आणल्यास येणारा दाब बदलतो आणि त्याबरोबर रोटरी पंपाचा दाबही बदलतो. म्हणून दाबमापक पाहून तो पुन्हा ९ बारवर लावून घ्यावा लागतो.

पाणी कोणते?

कठीण, क्षारयुक्त पाण्याने बॉयलरमध्ये थर साचतो. दुसरीकडे, क्षार जवळजवळ नाहीसे केलेले आरओ पाणीही घातक ठरते. ते धातूला गंजवते आणि विजेचे वहन नीट करत नाही. बॉयलरमधील पातळी ओळखणारी सळई विद्युतवहनावरच चालत असल्याने तिला पाणी 'दिसत' नाही आणि बॉयलर गरजेपेक्षा जास्त भरतो. कॉफी क्षेत्रात साधारणपणे लिटरमागे ५० ते १७५ मिलिग्रॅम कठीणपणा आणि ७ च्या आसपास सामू योग्य मानतात. जारवर 'शुद्ध' असे लिहिलेले असले, तरी तपासणीपट्टीने एकदा खात्री करून घ्यावी आणि पाणी फारच मृदू असल्यास खनिजे मिसळणारे फिल्टर वापरावे. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड स्टीललाही खाते. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय यंत्रात घालू नये.

खर्च आणि सांडपाणी

दुहेरी एस्प्रेसोच्या कपात ४० मिलिलिटरच्या आसपास कॉफी उतरते. परंतु यंत्र धुण्यास आणि वाफेसही पाणी लागते. कपामागे १५० मिलिलिटर धरल्यास एका जारमध्ये सुमारे १३० कप होतात. अमेरिकानोसाठी पाणी याहून जास्त लागते. गर्दीच्या दिवशी दुसरा जार भरून तयार ठेवावा.

नळ नसला, तरी यंत्राखालची निचरा नळी असतेच. तिच्याखाली झाकणाची बादली ठेवावी आणि ती वेळोवेळी रिकामी करावी. कॉफीचा चोथा मिसळलेले हे पाणी वाळूत वा ओढ्यात सोडू नये.

नित्याची देखभाल

जार सावलीत ठेवावा. उन्हात शेवाळ धरते. जार आणि नळ्या ठरावीक दिवसांनी निर्जंतुक करून स्वच्छ धुवाव्यात. हंगाम संपल्यावर यंत्र बंद ठेवायचे असेल, तर पंप, दाबटाकी आणि बॉयलर यांतील पाणी पूर्ण काढून टाकावे. पुढील हंगामात प्रथम पाणी खेळवून नळ्यांतील हवा काढावी, बॉयलर भरल्याची खात्री करावी आणि मगच तापवण्याचे बटण दाबावे.