दाराच्या चौकटीतला बार आणि मागे राहिलेली माती

मागच्या महिन्यात एक तरुण रुग्ण आला आणि खुर्चीच्या कडेला तिरका बसला. बेडरूमच्या दारातला पुल-अप्सचा बार निसटून तो थेट माकडहाडावर आपटला होता. फ्लॅट भाड्याचा. "घरमालक भोकं पाडू देत नाहीत, म्हणून बिनस्क्रूचा घेतला," म्हणाला. हा बार मुळात कुठून आला हे पाहिलंत, तर त्यातला धोका तुमच्या लगेच लक्षात येईल.

फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकाने 1811 साली बर्लिनजवळ हाझेनहायडे इथे व्यायामाचं खुलं मैदान सुरू केलं. आपण ज्याला सिंगल बार म्हणतो, तो याच चळवळीतून पुढे आला. यानने त्याला 'रेक' हे नाव दिलं. हा बोलीभाषेतला शब्द, कपडे वाळत घालायच्या आडव्या दांडीसाठीही वापरला जाणारा. (आपल्या घरातल्या निम्म्या बारवर शेवटी टॉवेलच वाळतात, तेव्हा नाव काही चुकलं नाही!) बार दोन भक्कम खांबांवर असे आणि खाली उघडी जमीन, तीही त्या भागात मुळातच रेताड.

1819 मध्ये या चळवळीतल्या एका विद्यार्थ्याने नाटककार कोत्सेबूचा खून केला. सरकार बिथरलं, यानला अटक झाली आणि 1820 पासून प्रशियात सार्वजनिक मैदानी व्यायामावर बंदी आली. ती उठली 1842 मध्ये. या काळात व्यायाम बंद दिवाणखान्यांत शिरला. बार आत आला, माती मात्र बाहेरच राहिली. बंदिस्त व्यायामशाळांनी पुढे गाद्या अंथरून ती उणीव भरून काढली. 1896 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये सिंगल बारची स्पर्धाही झाली.

आपल्याकडे तर मातीचा मान आधी. तालमीच्या हौदातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद घालतात, ती उकरून भुसभुशीत ठेवतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, तो खांबही जमिनीत खोल पुरलेला. पडणं गृहीत धरूनच ही व्यवस्था उभी राहिली होती.

आता तुमच्या फ्लॅटकडे या. खांबांच्या जागी चौकट आणि मातीच्या जागी टाइल्स. पिळून ताणून बसवायचा बार फक्त रबराच्या घर्षणावर टिकतो. ऑइल पेंट लावलेल्या किंवा ग्रॅनाइटच्या गुळगुळीत चौकटीवर ते घर्षण कमी पडतं आणि रोजच्या वापराने पीळही सैल होत जातो. दुसरा प्रकार चौकटीच्या वरच्या पट्टीवर अडकवायचा. परदेशी घरांत दाराभोवती लाकडाची जाड, भिंतीबाहेर आलेली पट्टी असते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चौकट भिंतीला सपाट असते किंवा पट्टी नुसती चिकटवलेली. ती उखडली की डिपॉझिट गेलंच, शिवाय कंबरही!

माझं मत विचाराल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या आणि स्क्रूने बसणारा बार सुताराकडून भक्कम लाकडी चौकटीत लावून घ्या. घर सोडताना चार भोकं पुट्टीने बुजतात. ते जमत नसेल तर बागेतला किंवा मैदानातला सिंगल बार फुकट आहे. तरीही बिनस्क्रूचाच वापरायचा असेल, तर तो इतका खाली लावा की गुडघे वाकवून लटकता येईल आणि निसटला तर पाय लगेच टेकतील. दर वेळी आधी पाय टेकलेले ठेवून हळूहळू वजन टाकून बघा. उडी मारून पकडू नका, त्या क्षणी बारवरचा भार वजनाच्या दुप्पटही होऊ शकतो. झोके घेऊ नका आणि उलटं तर अजिबात लटकू नका. खाली जाड मॅट हवी, मागे पलंगाची कड किंवा टेबलाचा कोपरा नको. घरात लहान मुलं असतील तर व्यायाम झाल्यावर बार काढून ठेवा.

खांदा पूर्वी निखळला असेल, आखडलेला असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा बीपी ताब्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पडलातच, तर डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी झाल्यास लगेच हॉस्पिटल गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका. पायाला मुंग्या आल्या, पाय हलेना किंवा मानेत जोराची कळ आली, तर उठून बसू नका, घरच्यांनाही उचलू देऊ नका. 108 ला फोन करा.